पोळ्यांना पेट्रोलचा वास: एका जुन्या ओम्नीची टाकी दोनदा उतरवली त्याची हकीकत

तक्रार

“बाबा रे, गिऱ्हाईक म्हणतंय पोळीला रॉकेलचा वास येतो,” म्हणत मावशींनी ओम्नीची चावी माझ्या पुढ्यात ठेवली. परळला त्यांचं पोळी-भाजी केंद्र आहे. पहाटे चारला तवे चढतात आणि दहाच्या आत पोळ्यांचे डबे आसपासच्या ऑफिसांत पोचलेले असतात. गाडी १९९९ ची, कार्बोरेटरवाली, ७९६ सीसीची. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी आरसीचं नूतनीकरण करून, पर्यावरण कर भरून त्यांनी ती टिकवली आहे. नवी घ्या म्हणणाऱ्याला त्या एकच उत्तर देतात, “हिच्या जिवावर दोन पोरींची लग्नं केली.”

पोळीला वास पटकन लागतो. गरम पोळ्या तूप लावून डब्यात भरल्या की तेलातुपाचा तो थर आसपासचा कुठलाही वास धरून ठेवतो. एका ऑफिसने सलग तीन सोमवार तक्रार केल्यावर मावशी हादरल्या. त्याआधी एका गॅरेजने गाडीखाली डोकावून “टाकी गळतेय, वेल्डिंग मारून घ्या” असं सांगितलं होतं. वेल्डिंग हा शब्द ऐकूनच त्या माझ्याकडे आल्या, आणि ते बरंच झालं.

मी विचारलं, “मावशी, वास रोज येतो का?”

“छे! सोमवारी डोकं उठतं. बुधवारपर्यंत असतो. नंतर नाही.”

“पेट्रोल कधी भरता?”

“रविवारी संध्याकाळी. गळ्यापर्यंत.”

निम्मं निदान इथेच झालं. गळती टाकीच्या तळाला असती तर वास रोज आला असता. टाकी भरलेली असतानाच येतो, याचा अर्थ भोक वरच्या अंगाला कुठेतरी आहे.

वास कुठून

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यामुळे आत पेट्रोलचा वास आला की बहुतेक मेकॅनिक आधी सीट उचलतात आणि कार्बोरेटरवर संशय घेतात. आम्हीही घेतला. फ्लोट चेंबर ओसंडत नव्हतं, पंपाचा डायफ्रॅम कोरडा होता, होसच्या क्लिपा घट्ट होत्या. पुढचं सगळं स्वच्छ.

मग गाडीखाली गेलो. टाकीच्या कडेच्या शिवणीवर ओलसर डाग होता आणि खालच्या कोपऱ्यात धूळ चिकटून काळा चिखल झाला होता. वेल्डिंग सांगणाऱ्याने हाच कोपरा पाहिला असणार. पण पेट्रोल जिथे थेंब धरतं तिथेच गळतं असं नाही. ते पत्र्याच्या कडेने ओघळत सगळ्यात खालच्या जागी येऊन लोंबतं. डागाचा माग बोटाने वर वर काढत गेलो तर तो टाकी आणि फ्लोअरच्या मधल्या फटीत शिरून दिसेनासा झाला. तिथे ना बोट जात होतं, ना आरसा. टाकी खाली घेण्याशिवाय इलाज नव्हता.

वास आत कुठून येतो तेही सापडलं. टाकीतलं पेट्रोल मोजणाऱ्या गेजच्या वायरी फ्लोअरच्या पत्र्यातून जातात त्या भोकाचं रबर वाळून पडून गेलं होतं. भोक रुपयाच्या नाण्याएवढं, आणि त्याच्या बरोबर वर मावशींचे डबे.

पेट्रोल काढणं

टाकी ३५ लिटरच्या आसपासची. भरलेली टाकी उतरवायची नाही हे पक्कं, कारण नुसत्या पेट्रोलचंच वजन पंचवीस-सव्वीस किलो होतं आणि ते वर हिंदकळतं. मावशींना सांगितलं, “काटा पावावर आला की गाडी आणा, मध्ये भरू नका.” गाडी शुक्रवारी आली तेव्हा आत आठ-नऊ लिटर होतं. आणखी एक कारण होतं. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यानुसार विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल परवान्याशिवाय जास्तीत जास्त ३० लिटर ठेवता येतं, तेही घट्ट झाकणाच्या भांड्यात, आणि धातूचं भांडं २५ लिटरपेक्षा मोठं चालत नाही. आपल्याकडे गॅरेजमधून पाण्याच्या प्लास्टिक कॅनमध्ये पेट्रोल भरून ठेवतात. प्लास्टिकवर पेट्रोल घसरत गेलं की स्थिर वीज साठते आणि ती जमिनीत उतरायला वाट मिळत नाही. आम्ही २० लिटरचा पत्र्याचा कॅन घेतला आणि त्याला गाडीच्या चेसिसशी वायरने जोडलं.

माझं गॅरेज शिवडीच्या एका गल्लीत, रस्त्याला लागून. समोर वडापावची गाडी, पंधरा फुटांवर पानाची टपरी आणि टपरीला दोरीने टांगलेला लायटर. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, पाण्यासारखी जमिनीवरून सरपटते आणि गटाराकडे उतरते. म्हणून हे काम पहाटे सहाला धरलं. कढईखालचा गॅस पेटायला अजून तासभर होता. पानवाल्याला आदल्या रात्रीच सांगून लायटर काढायला लावला. तो हसला, पण काढला.

बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली, टाकीचं झाकण उघडून आतला दाब मोकळा केला, चाकांना अडसर लावला, मागची बाजू लोखंडी घोड्यांवर (स्टँडवर) घेतली. नुसत्या जॅकच्या भरवशावर मी गाडीखाली जात नाही आणि पोरांनाही जाऊ देत नाही. पेट्रोल रबरी बल्बच्या हातपंपाने काढलं. तोंडाने नळी ओढायची जुनी सवय आमच्या पोऱ्याची अजून सुटलेली नाही. पोटात गेलेल्या घोटापेक्षा श्वासनळीत गेलेले चार थेंब वाईट, फुप्फुसाला सूज येते. त्याला हे सांगून सांगून मी थकलो, शेवटी नळीच लपवून ठेवली.

टाकी खाली

टाकी धरणाऱ्या बोल्टांना आदल्या संध्याकाळीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं होतं. रात्रभर तेल मुरू देण्याने सकाळचा एक तास वाचतो. तीन बोल्ट रिंग पान्याने सैल झाले. चौथा कुरकुरला, पाव आटा फिरला आणि गोल झाला. पोऱ्या लगबगीने ग्राइंडर घेऊन आला.

“दादा, एक मिनिटाचं काम आहे.”

“ठेव परत. अख्ख्या गल्लीचं काम होईल.”

हॅक्सॉ ब्लेड हाताने, पाण्याचा हबका मारत, पंचवीस मिनिटं. खांदा भरून आला, पण बोल्ट कापला गेला. उरलेला तुकडा काढण्यासाठी ड्रिल वापरलं ते टाकी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला नेल्यावर.

फिलरचा, म्हणजे पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीत येणारा, जाड रबरी होस लाकडासारखा झाला होता. असा होस पिळून ओढला की टाकीचं तोंडच वाकतं. तो बदलायचाच होता, म्हणून ब्लेडने लांबीत चिरून सालासारखा सोलून काढला. मग जॅकवर लाकडी पाट ठेवला, पाट टाकीला टेकवला आणि सैल केलेले तिन्ही बोल्ट काढून टाकी चार बोटं खाली घेतली. एवढीच. एकदम खाली सोडली की वरच्या वायरी आणि नळ्या ताणून तुटतात. त्या चार बोटांच्या फटीतून हात घालून गेजची जोडणी सोडवली आणि तीन नळ्या काढल्या: पंपाकडे जाणारी, पंपाकडून जादा पेट्रोल परत आणणारी रिटर्नची आणि वाफेची. वाफेची नळी पुढे कॅनिस्टरला जाते. कोळशाचे दाणे भरलेला हा डबा टाकीतली वाफ धरून ठेवतो. रिटर्न आणि वाफेची, दोन्ही नळ्या सारख्याच जाडीच्या. प्रत्येकीवर कागदी टेपचा तुकडा गुंडाळून मी बॉलपेनने १, २, ३ लिहिलं.

हे बॉलपेन पुढे महागात पडलं.

टाकी बाहेर आली आणि वरचा पत्रा दिसला. टाकी फ्लोअरवर घासू नये म्हणून मध्ये नमद्याच्या, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरी कापडाच्या, पट्ट्या असतात. मावशींची गाडी दर पावसाळ्यात हिंदमात्याच्या पाण्यातून जाते. नमदा ते पाणी पितो, वर चिखलाची साय धरतो आणि ऑक्टोबरपर्यंत ओला राहतो. पट्टी उचलली तशी तिच्यासोबत गंजाची पापडी सुटून आली. खाली तळहाताएवढ्या जागेत पत्रा पार खाऊन गेला होता आणि मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक. खालून, बाजूने टाकी ठणठणीत होती. वेल्डिंगवाला जो कोपरा सांगत होता तिथे पत्र्याला काहीच झालेलं नव्हतं.

इथेनॉलबद्दल थोडं, कारण मावशींच्या मुलाने पहिल्याच दिवशी त्याच्यावर खापर फोडलं होतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर येऊ लागलं आणि २०२५ पर्यंत सगळीकडे पसरलं. १९९९ च्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही हे खरं. पण ह्या गाडीचा फिलर होस मुळातला होता, पंचविशीच्या पुढचा. साध्या पेट्रोलवरही तो एव्हाना मेलाच असता. आणि वरच्या पत्र्याचा गंज बाहेरून आत गेलेला, त्याचा इथेनॉलशी काडीचा संबंध नाही. इथेनॉलचा खरा त्रास पाण्याच्या बाबतीत होतो. साध्या पेट्रोलमध्ये पाणी सरळ तळाला बसतं. इथेनॉल थोडं पाणी स्वतःत विरघळवून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोघं मिळून खाली उतरतात, आणि पंपाची नळी तळातूनच ओढते. आम्ही काढलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत तासभर ठेवून पाहिलं. थर पडला नाही, तळाला तांबूस गाळ तेवढा बसला. इथेनॉलवरचा आरोप इथे तरी सिद्ध झाला नाही.

डाग

आता भोक बुजवायचं. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त घातक असते, हे गिऱ्हाइकाला पटवणं जड जातं. पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेट घेते. भरलेल्या टाकीत पेट्रोलच्या वर उरलेल्या जागेत वाफ त्याहून दाट असते, हवा कमी पडते. टाकी रिकामी करून उघडी ठेवली की हवा आत शिरते आणि मिश्रण नेमकं नको त्या प्रमाणात येतं. हिशेब करून पाहिला: ३५ लिटरच्या टाकीत दोन टक्के वाफ व्हायला तीन-चार मिलिलिटर पेट्रोल पुरतं. चहाचा चमचा ५ मिलिलिटरचा. शिवणीत आणि गंजाच्या पापुद्र्यात एवढं पेट्रोल सहज लपून राहतं. म्हणून “सुकवली आहे, आता मारा वेल्डिंग” म्हणणाऱ्यापासून लांब राहावं.

आम्ही टाकी कडकडीत पाण्याने आणि भांडी घासायच्या लिक्विडने तीन वेळा धुतली. आतला सुटा गंज काढायला सायकलची जुनी चेन आत टाकून दोघांनी दोन्ही बाजूंनी धरून टाकी हलवली. आवाज असा, की वडापाववाला विचारायला आला भजनाचं काही आहे का. मग टाकी टेम्पोने आमच्या नेहमीच्या रेडिएटरवाल्याकडे नेली. ह्या जुन्या टाक्यांच्या पत्र्याला शिसं-कथलाचा मुलामा असतो, त्यामुळे डाग, म्हणजे सोल्डर, छान धरतो. त्याने टाकी पाण्याने जवळजवळ काठोकाठ भरली, भोकाखाली फक्त बोटभर जागा ठेवली, म्हणजे वाफेला जागाच नाही. तांब्याचं डागाचं हत्यार दूरच्या भट्टीत तापवून आणलं, ज्योत टाकीजवळ येऊ दिली नाही. खाल्लेला पत्रा घासून चकचकीत केला, पितळी पत्र्याची चकती वरून बसवली आणि कडेने डाग ओतला. डाग हळूहळू पाण्यासारखा पसरून चकतीखाली शिरतो, तो क्षण मी बावीस वर्षं पाहतोय आणि अजून तिथून हलवत नाही.

तपासणी साबणाच्या पाण्याने केली. सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने अगदी हलका दाब दिला, दोन पौंडांच्या आत. कॉम्प्रेसरची हवा कधीच लावायची नाही, टाकी डब्यासारखी फुगते. बुडबुडा आला नाही. चकतीवर आणि आसपास प्राइमर, त्यावर काळा अंडरकोट.

चढवणं

नमदा पुन्हा लावला नाही. त्याच्या जागी पेट्रोल-तेल सोसणाऱ्या रबराच्या पट्ट्या घातल्या, पाणी न पिणाऱ्या. पेट्रोलचे होस नवे घेतले. दुकानात नुसतं “पेट्रोल पाईप द्या” म्हटलं तर काहीही मिळतं. होसवर एसएई जे-३० आर-९ छापलेलं आहे का ते पाहून घ्यावं. कार्बोरेटरच्या कमी दाबाला आर-७ पुरतो, पण इथेनॉलपुढे आर-९ जास्त टिकतो. गेजखाली नवं गास्केट बसवलं. गास्केटवर सिलिकॉन फासायची पद्धत आहे, ती टाळली. साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगून सुटतं आणि त्याचे तुकडे फिल्टरमध्ये जातात. फ्लोअरच्या भोकाला नवं रबर लावलं.

टाकी पाटावर ठेवून चार बोटं शिल्लक राहीपर्यंत चढवली. फटीतून हात घालून नळ्या लावायला गेलो तर टेपवर काहीच नाही. बॉलपेनची शाई पेट्रोलने धुऊन नेली होती. पंपाची नळी जाड, ती ओळखू आली. उरलेल्या दोन मी कशा वाकल्या आहेत त्यावरून ठरवल्या. होस नवे, वाक माझ्याच डोक्यातला, पण त्या वेळी खात्री वाटली. शनिवारी संध्याकाळचे सहा वाजले होते, रविवारी मावशींकडे बारशाची ऑर्डर. पाच लिटर पेट्रोल टाकलं, गाडी सुरू केली, खाली पेपर पसरून पंधरा मिनिटं पाहिलं. एक थेंब नाही. वास नाही. मावशी खूश होऊन गेल्या.

दोष टाकी भरल्यावर दिसतो हे मीच पहिल्या दिवशी शोधलं होतं, आणि तपासणी पाच लिटरवर केली.

परत खाली

सोमवारी सकाळी फोन. “अरे, आधीपेक्षा जास्त येतोय! आता पुढून येतोय.”

मे महिन्याचं ऊन होतं. गाडी उभी होती तिथे पुढच्या बाजूला खाली ओल दिसत होती. डाग सुटला म्हणून रेडिएटरवाल्याला फोन लावणार होतो, तेवढ्यात पोऱ्याने कॅनिस्टरची नळी काढली आणि तिच्यातून पेट्रोल ओघळलं. कॅनिस्टरमध्ये वाफ यायला हवी, पेट्रोल नव्हे. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

नळ्यांची अदलाबदल झाली होती. वाफेचं तोंड टाकीच्या अगदी वर, मोकळ्या जागेत उघडतं. रिटर्नचा नळ मात्र आत खोलवर उतरलेला असतो. कॅनिस्टरची नळी मी रिटर्नच्या तोंडाला लावली होती, त्यामुळे तिचं आतलं टोक पेट्रोलमध्ये बुडालेलं. उन्हाने टाकी तापली, वर वाफेचा दाब चढला, वाफेला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तिने पेट्रोलच खालून नळीत ढकललं. सोड्याच्या बाटलीत स्ट्रॉ बुडवून तोंड गच्च बंद केलं आणि बाटली हलवली तर जे होईल तेच. पाच लिटरवर नळाचं टोक पेट्रोलच्या वर होतं, म्हणून शनिवारी काही कळलं नाही.

मावशींना खरं ते सांगितलं. म्हटलं, “चूक माझी आहे, मजुरी लागणार नाही, कॅनिस्टरही मी बदलून देतो.” पेट्रोल प्यायलेला कोळसा पुन्हा नीट काम करेल याचा भरवसा नसतो. त्या म्हणाल्या, “पैशाचं सोड. उद्याच्या डब्यांचं काय?” त्यांचे डबे दोन दिवस माझ्या मेव्हण्याच्या टॅक्सीतून गेले.

पेट्रोल पुन्हा काढलं, ह्या वेळी पंचवीस लिटरच्या पुढे, दोन कॅनमध्ये. बोल्ट नवे होते, ग्रीस लावून बसवलेले, वीस मिनिटांत टाकी चार बोटं खाली. ह्या खेपेला नळ्यांना दोरा बांधला. पंपाच्या नळीला एक गाठ, रिटर्नला दोन, वाफेला तीन, आणि टाकीवरच्या तोंडांनाही तशाच गाठी. गाठ पेट्रोलमध्ये विरघळत नाही आणि अंधाऱ्या फटीत बोटाला मोजता येते.  

मग पेट्रोल टप्प्याटप्प्याने परत घातलं: पाच लिटर, पंधरा, आणि शेवटी पंपावर जाऊन नोझल आपोआप बंद होईपर्यंत. पंपावरचा पोरगा सवयीने “राउंड फिगर करू?” म्हणत पुन्हा दाबणार होता, त्याला थांबवलं. वर उरलेली जागा उन्हात पेट्रोलला फुगायला लागते. मावशींनाही सांगितलं की गळ्यापर्यंत बंद, पहिल्या खटक्याला बस.

गाडी दुपारभर उन्हात उभी केली. कॅनिस्टरची नळी काढून पाहिली, कोरडी. मग मावशींनी स्वतःची परीक्षा घेतली. संध्याकाळी वीस पोळ्या तूप लावून उघड्या डब्यात गाडीत ठेवल्या, काचा चढवल्या, चावी घरी नेली. सकाळी सहाला दार उघडून आधी त्यांनी वास घेतला, मग एक मला दिली, एक पोऱ्याला. चहाबरोबर खाल्ली. चिवट झाली होती, पण वास फक्त तुपाचा.

एक गोष्ट राहिली आहे. नव्या गास्केटवर गेज परत बसवताना त्याचा फ्लोट कुठेतरी अडकून वाकला असावा, कारण काटा आता पूर्ण टाकीलाही पाऊणच दाखवतो. त्यासाठी टाकी तिसऱ्यांदा उतरवू का, असं मी विचारलं. मावशींनी चावी पदराला बांधली आणि म्हणाल्या, “हात लावू नकोस तिला.”